आमगाव ते सिरोंचा

उत्तरेला गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव, दक्षिणेला प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचं सिरोंचा. मधे वैनगंगेकाठची धानाची शेतं आणि दाट जंगल. तीन जिल्ह्यांत पसरलेला गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. २००९ साली इथे पहिली निवडणूक झाली.

मतदान घेणं हीच इथली मोठी कसोटी. दुर्गम केंद्रांसाठी कर्मचारी आणि मतदानयंत्रं हेलिकॉप्टरनं न्यावी लागतात. सुरक्षेपायी बऱ्याच भागांत मतदान दुपारी तीनलाच थांबतं.

तरीही १९ एप्रिल २०२४ रोजी, भर उन्हात, इथे सुमारे ७२ टक्के मतदान झालं. राज्यात सर्वाधिक! या मतदारांचं कौतुक करावं तितकं थोडंच. सलग दोनदा भाजपचे अशोक नेते निवडून आले होते. २०२४ मध्ये काँग्रेसचे नामदेव किरसान जिंकले.