मच्छीमारांची सुरक्षितता : पैसा कोणासाठी?

(किनारपट्टीवरच्या महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय कोरडा वाटेल: मच्छीमारांच्या सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी मिळणारी अनुदानं. पण असा पैसा देताना मच्छीमार म्हणून कोणाला मोजलं जातं, ते पाहायला लागलं की विषय कोरडा राहत नाही.

मासेमारी हा जगातल्या अत्यंत जीवघेण्या धंद्यांपैकी एक आहे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं वर्षाला २४,००० मृत्यूंचा अंदाज दिला होता. २०२२ साली, अनुदानातूनच झालेल्या एका अभ्यासानं हा आकडा एक लाखाच्या वर नेला. दर्या काही मधल्या वर्षांत चौपट खवळला नव्हता. लहान होड्यांवर मेलेले, चोरट्या मासेमारीत मेलेले, असे कितीतरी जण आधीच्या हिशेबात नीट आलेच नव्हते.

आता एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये हल नावाचं बंदर आहे. तिथले तीन ट्रॉलर १९६८च्या जानेवारी-फेब्रुवारीत, काही आठवड्यांच्या अंतरानं बुडाले. ५८ माणसं गेली. त्यातल्या एका बोटीवर रेडिओ चालवणारा माणूसच नव्हता. लिलियन बिलोका ही माशांच्या कारखान्यात काम करणारी बाई, घरची माणसं दर्यावर जाणारी. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी वस्तीत फिरून दहा हजार सह्या गोळा केल्या. रेडिओवाला नसेल तर बोट सोडू देणार नाही म्हणून ती गोदीत गेली, पोलिसांनी तिला धरून ठेवलं. बोट निघताना बाईनं गोदीत येणं तिकडे अपशकुनी मानत. (आपल्याकडे काही गावांत होडीवर पाय ठेवू देत नाहीत, तसंच.) मग या बायका लंडनला मंत्र्यांना भेटल्या. रेडिओवाला, हवामानाची खबर, औषधोपचाराची सोय असलेलं सोबतीचं जहाज, अशा बऱ्याच मागण्या मान्य झाल्या. बिलोकाबाईंची मात्र नोकरी गेली, धमकीची पत्रं आली, आणि त्या धंद्यात तिला पुन्हा कोणी काम दिलं नाही.

म्हणजे सुरक्षिततेची मागणी किनाऱ्यावरच्या बायकांनी लढवायची, आणि नियम लिहिताना त्या बाहेर. २००७ साली मासेमारीतल्या कामाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला, २०१७ साली तो अमलात आला. चांगला करार आहे. विश्रांतीचे तास, वैद्यकीय तपासणी, लेखी करारपत्र, सगळं त्यात आहे. पण त्यात मच्छीमार म्हणजे बोटीवर काम करणारा. पाटी उचलणारी, बोंबील वाळवणारी, कोळंबी सोलणारी त्यात नाही. लहान मासेमारीत, किनाऱ्यावरचं काम धरलं, तर जगात दर दहा जणांमागे चार स्त्रिया आहेत.

अनुदान नीट वापरलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शेवंड पकडणारे लोक जीवरक्षक जाकीट घालत नसत. जाड असतं, दोरात अडकतं, ही त्यांची तक्रार. संशोधकांनी उपदेश केला नाही. वेगवेगळी जाकिटं त्यांना महिनाभर घालायला दिली, कुठलं चालतं ते विचारलं, आणि मग गाड्या भरून ती बंदरांवर सवलतीत विकायला नेली. कामाच्या जागी जाऊन विचारणं, एवढंच.

आमच्या बंदरावर पहाटे तीनपासून बायका बर्फातली कोळंबी सोलतात. बोटांची कातडी जाते, नखं कुजतात. शौचालय लांब, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ. आपल्या सरकारच्या २०२०च्या मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला पाच लाखांचं विमा संरक्षण ठेवलं गेलं, ते हवंच होतं. पण अपघात म्हणजे अचानक झालेला. वीस वर्षांत बर्फानं खाल्लेले हात कुठल्या रकान्यात लिहायचे? निधी देणाऱ्या एका संस्थेचा अर्ज मी भरत होते. त्यात 'मच्छीमार' आणि 'कुटुंबीय' असे दोनच रकाने होते. चार तास बर्फात बसणारी बाई कुटुंबीय!

आणि बेपत्ता खलाश्याची बायको? प्रेत मिळालं नाही तर कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. तोवर ना विमा, ना विधवा पेन्शन. २०१७च्या ओखी वादळानंतर केरळ सरकारनं बेपत्ता असलेल्यांच्या घरच्यांनाही मृतांप्रमाणेच मदत दिली, म्हणजे मनात आणलं तर करता येतं. आपल्या ट्रॉलरवर आता नेपाळ, उत्तर प्रदेशातून आलेले खलाशी आहेत. त्यांच्या बायकांना तर कोणत्या कचेरीत जायचं हेही माहीत नसतं.

पुढच्या महिन्यात आमची संस्था एक प्रस्ताव पाठवते आहे. त्यात आम्ही तिसरा रकाना हातानं आखणार आहोत: किनाऱ्यावरच्या कामगार स्त्रिया. बाहेर टेबलावर कोरे कागद ठेवलेत. आपल्या बंदरावर किती जणी येतात, किती वाजता, हातापायांना काय होतं, शौचालय किती लांब आहे, एवढं जेवणाच्या सुट्टीत लिहून द्या. लिहिता येत नसेल तर सांगा, आमची कार्यकर्ती उतरवून घेईल.