कोऱ्या चेकची कंपनी : वर्गात खेळून शिकण्याचा धडा

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या शिवेला लागून आहे. हिंजवडी-माण भागात औद्योगिक विकास महामंडळाने माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्यानासाठी जमिनी घेतल्या आणि भोवतालच्या गावांचे रूप पालटले. भाताच्या खाचरांच्या जागी उंच इमारती आल्या, व्यवस्थापनशास्त्र शिकविणारी विद्यालये आली. अशा विद्यालयात दोन तऱ्हेचे तरुण एका बाकावर बसतात. एक परगावाहून पदवीसाठी आलेला. दुसरा इथलाच, ज्याच्या घरी जमिनीचा पैसा आला आणि त्या पैशामागोमाग तो कोठे गुंतवावा हे सांगणारी माणसेही आली. या दुसऱ्याला भांडवलबाजारातील एक व्यवहार नीट उमगणे विशेष अगत्याचे आहे. अमेरिकेत त्याला ‘स्पॅक’ म्हणतात. आपण त्याला कोऱ्या चेकची कंपनी म्हणू.

व्यवहार असा. काही नामांकित गृहस्थ एक कंपनी काढतात. तिला कारखाना नाही, दुकान नाही, गिऱ्हाईक नाही. लोकांकडून प्रत्येक भागास दहा डॉलर घेऊन ते विश्वस्तांच्या स्वाधीन ठेवले जातात. मग बहुधा दीड-दोन वर्षांच्या आत प्रवर्तकांनी एखादा चालता धंदा शोधून तो या कंपनीत विलीन करावयाचा. धंदा न मिळाल्यास पैसे परत. बाजारात तुरी असतानाच भांडवल गोळा होते ते असे. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अशा सहाशेहून अधिक कंपन्यांनी भागविक्री केली.

कल्पना अगदीच अपूर्व नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा लोटला, तेव्हा १८६४-६५ साली काम पुढे आणि भांडवल आधी अशा कंपन्यांचे पेव फुटले होते, आणि १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याचा दिवस येताच तो डोलारा कोसळला. त्या काळी पैसा कुलपात ठेवण्याची अट नव्हती. आज ती आहे. म्हणूनच पुष्कळांना वाटते की आता भय उरले नाही. हा समज व्याख्यानाने जात नाही. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो, परीक्षेत गुण मिळवितो आणि प्रवर्तकाला एक पंचमांश भाग का मिळतात हे विचारल्यास गप्प बसतो. त्यासाठी वर्गातच अशी कंपनी काढावी.

संगणकावर असे खेळ करता येतात, परंतु पहिल्या खेपेस पत्र्याचा डबा व कागदाच्या चिठ्ठ्या अधिक बऱ्या. पैसा कोठून कोठे गेला ते डोळ्यांना दिसते. वीस विद्यार्थी आहेत असे धरावे. प्रत्येकाने दहा रुपयांच्या चिठ्ठ्या देऊन एक भाग घ्यावा. डब्यात दोनशे रुपये जमले. डबा कुलूपबंद करून किल्ली शिक्षकाने विश्वस्त म्हणून ठेवावी. एकविसावा प्रवर्तक. त्याला पाच भाग जवळजवळ फुकट, म्हणजे एकूण पंचवीसांत एक पंचमांश. मात्र खर्चासाठी सहा रुपये त्याने पदरचे घालावयाचे. बाविसावा एका कारखान्याचा मालक. प्रवर्तकाला तीन तासिकांची मुदत द्यावी.

मारुंजीच्या मुलाला भिशी ठाऊक असते. त्याला वाटते, ही भिशीच आहे. पहिल्या तासिकेला प्रवर्तकही चोखंदळ असतो. या कारखान्यावर कर्ज फार, त्या धंद्याचा नफा संशयास्पद, असे दोष काढतो. तिसऱ्या तासिकेला घड्याळाकडे पाहू लागला की त्याच कारखान्यात त्याला गुण दिसू लागतात. याचे कारण चारित्र्यात शोधू नये, हिशेबात शोधावे. सौदा झाला नाही तर त्याचे सहा रुपये बुडतात आणि पाच भागांची किंमत शून्य होते. सौदा कसाही झाला तरी त्याला काहीतरी मिळते. भिशीच्या प्रमुखाला असा लोभ नसतो.

आता सभा भरवावी. या व्यवहाराची सर्वांत चमत्कारिक अट येथे कळते: भागधारकाला ठरावाच्या बाजूने मत देऊनही आपले दहा रुपये परत मागता येतात. वीस हात वर जातात आणि पैसे मागायला बारा जण डब्याजवळ येतात असे समजा. डब्यात उरले ऐंशी रुपये. भाग उरले आठ लोकांचे आणि पाच प्रवर्तकाचे, म्हणजे तेरा. ऐंशीला तेराने भागल्यास दरभागी सहा रुपये पंधरा पैसे येतात. गेलेल्या बारा जणांना पुरे दहा मिळाले. राहिलेल्या आठ जणांच्या दहाचे सहा झाले. प्रवर्तकाच्या सहाचे तीस झाले. फळ्यावर ही तीन वाक्ये शेजारी शेजारी लिहावी आणि शिक्षकाने थोडा वेळ काहीच बोलू नये.

मालकाची पाळी त्यानंतर. त्याचा कारखाना शंभर रुपयांचा आहे. दहाच्या भावाने तो दहा भाग घेईल, तर एकूण एकशे ऐंशीची मालमत्ता तेवीस भागांत वाटली जाऊन त्याच्या शंभराचे अठ्ठ्याहत्तर होतात. शहाणा मालक गुणाकार करून सोळा भाग मागतो. मग भार कोणावर? पुन्हा त्या आठ जणांवर. त्यांचा भाग सहाच्या घरातच राहतो. वास्तवात याखेरीज पुढे साडेअकरा डॉलरला भाग घेण्याचे हक्कपत्रही वाटलेले असते, आणि पैसे घेऊन गेलेल्यांकडेही ते राहते. ते प्रकरण दुसऱ्या दिवसासाठी ठेवावे.

खेळ झाल्यावरच महाराष्ट्राशी संबंध असलेला खरा दाखला सांगावा. आधी सांगितल्यास तो नुसती बातमी ठरतो. जुलै २०१३ मध्ये हॅरी स्लोन व जेफ सगान्स्की या चित्रपट-दूरचित्रवाणी व्यवसायातील दोन अमेरिकनांच्या ‘सिल्व्हर ईगल’ कंपनीने साडेबत्तीस कोटी डॉलर जमविले. पैसे देणाऱ्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही औरंगाबादेत वाढलेला व्हिडिओकॉन उद्योगसमूह नसेल. परंतु २०१५ साली तो पैसा व्हिडिओकॉन डीटूएच या छतावरील तबकडीने दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या कंपनीकडे आला आणि तिची नोंद न्यूयॉर्कच्या नॅसडॅक बाजारात झाली. मार्च २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. विद्यार्थ्यांना विचारावे : २०१३ साली दहा डॉलर देणाऱ्याने नेमके काय विकत घेतले? धंदा तर नाही. त्याने दोन माणसांची पारख विकत घेतली, शिवाय परत फिरण्याचा हक्क. तो हक्क वेळेवर बजावणारा आणि विसरणारा यांत केवढा फरक पडतो, हे डब्यातून निघालेल्या चिठ्ठ्यांनी त्यांना आधीच दाखविलेले असते.

आपल्याकडे हा व्यवहार सर्रास चालत नाही, आणि कंपनी कायदा २०१३ चे कलम २४८ पाहिले की त्याचे एक कारण कळते : स्थापनेपासून एका वर्षात कामकाज सुरू न करणाऱ्या कंपनीचे नाव निबंधकाला पटावरून काढता येते. गुजरातेतील गिफ्ट सिटीत मात्र २०२१ च्या नियमांनी अशा कंपन्यांना वाट करून दिली. अमेरिकेच्या रोखे नियामकानेही जानेवारी २०२४ मध्ये नियम कडक करून प्रवर्तकाचा मोबदला आणि राहणाऱ्यांच्या भागाची होणारी घट स्पष्ट सांगण्याची सक्ती केली. फळ्यावरची ती तीन वाक्ये आता माहितीपत्रकात शोधता येतील; वर्गाकडून ती शोधवून घ्यावी.

त्यानंतर खेळ पुन्हा एकदा, पहिल्यापासून खेळावा. या वेळी पूर्वीच्या प्रवर्तकाला वीसांत बसवावे आणि ज्या आठ जणांचे दहाचे सहा झाले होते, त्यांतील एकाच्या हाती पाच भाग द्यावे.