पऱ्हाटीची गंजी आणि चूल

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली, की घरामागे पऱ्हाटीची गंजी उभी राहते. वर्षभराचे सरपणच ते! पण तिच्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि तिचे पतंग पुढच्या कपाशीवर अंडी घालतात. २०१७ साली विदर्भाने तिचा दणका सोसला आहे. गंजी ठेवू नका, असे सांगणे सोपे. पण मग मायने चूल कशावर पेटवावी?

शेणावर. मात्र गोवऱ्या थापून नव्हे. गोवरी जळली म्हणजे खतच जळाले. रोजचे सुमारे ५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून बंद टाकीत सोडावे. हवेवाचून जंतू ते कुजवतात आणि दोनेक घनमीटर जळाऊ वायू मिळतो. सहा-सात माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो; उरलेली मळी नत्रासकट शेतात जाते. ही युक्ती जुनीच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून असा वायू काढला होता.

अडचण लपवत नाही. आमच्या शेजारी अशी टाकी झकास चालली होती. पुढे ट्रॅक्टर आला, बैलजोडी विकली आणि टाकी कोरडी पडली. दावणीला चार-पाच गुरे नसतील तर एकट्याने या फंदात पडू नये. भावकीतल्या दोन-तीन घरांनी मिळून टाकी बांधावी; पण शेणाच्या टोपल्या रोज पाटीवर मांडाव्यात, भांडण तिथेच होते बरं का! गुरुजींनी आधी पोरांकडून गावची गुरे मोजून घ्यावीत. आणि टँकरचे गाव असेल, तर उन्हाळ्यातले पाणीही.