जिनिंगला हरकत, सावकाराला रामराम!



ग्रामसभेत कोणी जिनिंगसाठी ना-हरकत मागितली की हरकतींचा पाऊस पडतो. एक म्हणतो, 'भोंग्यानं म्हशी आटतील.' दुसरा म्हणतो, 'परगावचे मजूर आले की पोरं बिघडतील.' तिसरा विचारतो, 'ह्याच्याकडे पैसा आला कुठून?' पण सावकाराच्या ओट्याला कधी कोणाची हरकत नसते!

हिशेब करा. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. सरकीचं तेल होतं, ढेप जनावरं खातात. आपण कापूस बाहेर विकतो आणि तीच ढेप पैसे मोजून परत आणतो. १९७२ पासून पुढे तीसेक वर्षं एकाधिकार खरेदीनं कापूस कुठंही विकायची मोकळीक काढून घेतली, तेव्हा आपण सरकारशी भांडलो. आता शेजाऱ्याची वाट आपणच अडवायची?

खऱ्या हरकती जरूर घ्या. कापसाला आग लागते. पाण्याची टाकी कुठं? धूळ छातीत जाते. मजुरांची सोय काय? हे ठरावात लिहून घ्या, पाळायला लावा. पोटदुखीला मात्र ठरावात जागा देऊ नका.