थेरेझियाचा वांटा

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या सभेंत बोलावयास उभें राहणाऱ्यानें प्रथम धर्मग्रामांतून निघालेल्या नामांकित मंडळींचा गौरव करावा, असा शिरस्ता आहे. कोणी डॉक्टर झाला, कोणी गुरुदीक्षा घेतली, कोणी सरकारी खात्यांत मोठ्या हुद्द्यावर चढला. या सर्वांचा आम्हांसही अभिमान वाटतो. परंतु अशा भाषणांत 'स्वकर्तृत्व' हा शब्द वारंवार कानीं पडतो, आणि तो ऐकला कीं आमचें मन थोडें अडखळतें. प्रभूनें सांगितलेल्या धन्याच्या आणि चाकरांच्या दाखल्यावर प्रवचन करतांना जमिनींत पुरलेल्या नाण्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु तीं नाणीं मुळांत चाकरांचीं नव्हतींच, याविषयीं फारसें बोललें जात नाहीं. मनुष्याच्या यशांत त्याचें स्वतःचें किती आणि दुसऱ्याचें किती, हा हिशेब मांडण्यासाठीं आज आम्हीं एका धर्मगुरूचें चरित्र निवडलें आहे. ते आपल्या देशाचे नव्हत. पण ते शेतकऱ्याचे पुत्र होते, आणि आपणांपैकीं पुष्कळांचे वाडवडील वाडी शिंपून जगले. तेव्हां ही हकीकत आपणांस परकी वाटणार नाहीं.

योहान मेंडेल यांचा जन्म सन १८२२ मध्यें ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतील सायलेशिया प्रांतांत, हाइन्त्सेनडॉर्फ नांवाच्या खेड्यांत झाला. तो भाग आतां चेक प्रजासत्ताकांत मोडतो. वडील आंटोन आपली शेती करीत आणि आठवड्यांतून तीन दिवस जमीनदाराच्या वेठीस जात. त्यांना फळझाडांचा मोठा नाद होता. तेथील धर्मगुरु श्रायबर हेही बागाईतींत तरबेज. गांवकऱ्यांस ते फळझाडांची विद्या शिकवीत. एका झाडाचें कलम दुसऱ्यावर कसें जगतें, हें त्या मुलानें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं बापाच्या बागेंत पाहिलें. याला संगोपन म्हणावें कीं दैव? असा धर्मगुरु लाभलेल्या खेड्यांत जन्मणें हें मुलाच्या हातचें नव्हतें. त्या अर्थानें तें दैवच. पण धर्मगुरूनें आणि बापानें जें केलें, तें समजून उमजून केलें. एकाचें दैव म्हणजे पुष्कळदां दुसऱ्या कोणाचे तरी कष्ट असतात.

मुलाची हुषारी गांवच्या शाळामास्तरांस दिसली, आणि अकराव्या वर्षीं त्याला परगांवीं शिकावयास धाडण्यांत आलें. आईबापांची ऐपत इतकी बेताची कीं खाणावळीचे पुरे पैसे त्यांना देववत नसत. मुलगा अर्धपोटीं राहून शिकला. १८३८ सालीं वेठीचें काम करीत असतां अंगावर ओंडका येऊन बाप कायमचा जायबंदी झाला. तेव्हांपासून सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून पोट भरूं लागला. पुढें ओलमुत्झ शहरीं शिकवण्याही मिळेनात. प्रकृति ढांसळली, आणि तो घरीं परतला.

येथें त्याची धाकटी बहीण थेरेझिया पुढें आली. लग्नासाठीं तिच्या नांवें राखलेल्या वांट्यांतील कांहीं भाग तिनें भावाच्या शिक्षणासाठीं दिला. ती तेव्हां अद्याप लहान मुलगी होती. आपल्या देशांत १९६१ च्या कायद्यानें हुंडा हा गुन्हा ठरला आहे, आणि तें योग्यच झालें. पण त्या घराची स्थिति ध्यानीं घ्यावी. शेत थोरल्या मुलीच्या नवऱ्याकडे गेलेलें. धाकटीच्या पदरीं पडण्यासारखें जें होतें, तें एवढेंच. त्यांतून तिनें तोडून दिलें. तिच्या अंगीं कोणते गुण होते, तिला संधि मिळती तर ती काय झाली असती, हें कोणीं कधीं मोजलें नाहीं.

१८४३ सालीं योहान ब्र्युन शहरांतील ऑगस्टिनियन मठांत दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हें नांव मिळालें. उदरनिर्वाहाच्या विवंचनेनेंच आपणांस हा मार्ग धरावयास लावलें, असें त्यांनीं पुढें मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. कोणा भाविकानें याचें वाईट वाटून घेऊं नये. देवाचें बोलावणें कोणत्या दारानें येईल, हें ठरविणारे आपण कोण? गुरुदीक्षेनंतर रोग्यांच्या सेवेचें काम त्यांना झेपेना. दुःखितांस पाहूनच ते आजारी पडले. मठाधिपति नाप हे मोठे जाणते पुरुष. त्यांनीं रागें न भरतां या तरुणाला शिक्षकाचें काम दिलें. शिक्षकाच्या परीक्षेंत १८५० मध्यें मेंडेल नापास झाले, तेव्हां नाप यांनीं त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठांत पाठविलें. तेथून येऊन १८५६ मध्यें ते पुनः परीक्षेस बसले आणि पुनः हात हलवीत परतले. तें प्रमाणपत्र त्यांना जन्मभर मिळालें नाहीं. परीक्षकांच्या मोजपट्टीवर या गृहस्थांची प्रतिभा उमटलीच नाहीं, ही गोष्ट आपल्या मुलांच्या निकालपत्रिका हातीं घेतांना पालकांनीं आठवावी.

त्याच वर्षीं मठाच्या बागेंत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले. तत्पूर्वीं दोन वर्षें त्यांनीं ३४ जातींचें बीं लावून कोणती जात आपल्या गुणास चिकटून राहते, हें पाहण्यांत घालविलीं, आणि २२ जाती ठेवून घेतल्या. मग ७ गुणांच्या जोड्या निवडल्या: दाणा गोल कीं सुरकुतलेला, पिवळा कीं हिरवा, वेल उंच कीं ठेंगणा, अशा. फूल पुरतें उमलण्यापूर्वीं त्यांतील केसर चिमट्यानें काढावयाचे, दुसऱ्या झाडाचा पराग कुंचल्यानें लावावयाचा आणि फुलावर पिशवी बांधावयाची. हें १८६३ पर्यंत चाललें. सुमारें २८,००० झाडें त्यांच्या नजरेखालून गेलीं. गोल व सुरकुतलेल्या वाणांचा संकर केला तेव्हां पहिल्या पिढींत सारे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढींत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे सुमारें तिनास एक. लोपला असें वाटणारा गुण लोपत नाहीं, तो नातवंडांत पुनः प्रकटतो, हें या मोजणीवरून सिद्ध झालें. दाणे मोजण्यास प्रतिभा लागत नाहीं असें कोणी म्हणेल. पण मोजावें हें सुचण्यास ती लागते, आणि आठ वर्षें मोजीत बसण्यास दुसरेंच कांहीं लागतें.

दैवाचें काय? मेंडेल यांनीं पुढें हायरॅशियम नांवाच्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीवर तेच प्रयोग केले. प्रतिभा तीच, चिकाटी तीच. बारीक फुलें निरखून डोळे दुखावले, तरी वाटाण्याचा नियम तेथें जुळेना. त्या वनस्पतीचें बीं बहुधा परागावांचूनच धरतें, ही गोष्ट त्या काळीं कोणालाच ठाऊक नव्हती. परिश्रमाला फळ येतेंच, असें छातीठोकपणें सांगणाऱ्या वक्त्यांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें.

१८६५ मध्यें त्यांनीं आपला शोध ब्र्युनच्या निसर्गशास्त्र मंडळापुढें वाचला. १८६६ मध्यें तो छापला गेला. त्याचें मर्म कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. १८६८ मध्यें ते मठाधिपति झाले आणि पुढें मठावरील कराच्या वादांत त्यांचीं बरींच वर्षें गेलीं. ६ जानेवारी १८८४ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ते देवाघरीं गेले. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांच्या हातीं तो निबंध पुनः लागला तो १९०० सालीं. आज आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया त्यांच्या नांवें सांगितला जातो.

आतां थेरेझियाकडे वळूं. मेंडेल तिला विसरले नाहींत. तिचे तीन मुलगे ब्र्युनला शिकावयास आले, तेव्हां मामांनीं त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. त्यांपैकीं दोघे डॉक्टर झाले. बहिणीचा वांटा असा तिच्या मुलांकडे परत गेला. तथापि एक भेद आम्हांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. थेरेझियानें दिलें तें आपल्या खुशीनें. आपल्या घरांत मात्र कित्येक बहिणींस कोणीं विचारलेंही नाहीं. भावाची फी भरावयाची म्हणून त्यांची शाळा सुटली, आणि धाकट्या भावंडांस कडेवर घेऊन त्या वाडींत राबल्या. प्रतिभा देव देतो, चिकाटी ज्याची त्यानें धरावी. पण कोणाच्या ताटांतून कोणाला वाढलें, हें घरानें आणि धर्मग्रामानें ठरविलेलें असतें. म्हणून आमचें म्हणणें, धर्मग्रामाच्या शिक्षणफंडांतून यापुढें मुलगा व मुलगी असा भेद न करतां मदत व्हावी, आणि ज्या घरांत दोघेही शिकत असतील तेथें आधीं मुलीच्या फीची चौकशी व्हावी.

या स्मरणिकेच्या अखेरीस नामांकित मंडळींची यादी छापावयाची आहे, असें कळतें. संपादकमंडळास विनंती कीं, प्रत्येक नांवापुढें एक रकाना मोकळा ठेवावा आणि ज्याचा त्यानें तो स्वतः भरावा: कोणीं शाळा सोडली, कोणीं कानांतलें गहाण ठेवलें, कोणीं एकट्यानें वाडी सांभाळली. जागा कमी पडल्यास दोन पानें वाढवावीं. त्यांचा खर्च आम्ही देऊं.