चार नाटकं, एक चौकट



 अध्यक्षपदाच्या मानाच्या जोरावर मी आज तुम्हा गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांकडे एकच गोष्ट मागणार आहे. येत्या वर्षी तुमच्या संस्थेने एका नाटकावर थांबू नये. चार नाटकं करावीत, आणि ती चारही एकाच प्रश्नाला भिडणारी असावीत.

आपलं वर्ष कसं जातं ते आपल्याला ठाऊक आहे. गणपती आटोपले की संहितेची शोधाशोध, दिवाळीच्या आगेमागे तालमी, मग राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी. केंद्रावर एक प्रयोग होतो, निकाल लागतो. अंतिम फेरी मिळाली तर आणखी एक प्रयोग, नाहीतर नेपथ्य कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन पडतं. स्पर्धेने मराठी रंगभूमीला किती नट, लेखक, दिग्दर्शक दिले हे या सभेला सांगायला नको. स्पर्धा हवीच. पण ज्या गावात नाटक बसलं, त्या गावाने ते पाहिलेलंच नसतं, हे मला सहन होत नाही. परीक्षकांसाठी नट तयार होतील. प्रेक्षक तयार होणार नाही. तो पुन्हा पुन्हा यावा लागतो, आणि पुन्हा येण्यासाठी त्याच्या मनात काहीतरी अर्धवट राहिलेलं असावं लागतं.

याचं एक उदाहरण आहे. 1994 मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली. सगळा दिवस त्यातच जायचा. ‘वाडा चिरेबंदी’ एकटं पाहिलं की धरणगावकर देशपांड्यांच्या दारातला गंजलेला ट्रॅक्टर ही एका घराची दुर्दशा वाटते. तिन्ही एकापाठोपाठ पाहिली की त्याच घरात पुढे पैसा आलेला दिसतो आणि शेवटी भोवतालची जमीनच कोरडी पडलेली. पहिल्या नाटकाचा अर्थ तिसरं नाटक बदलून टाकतं.

ती एकाच लेखकाची त्रयी होती. पण वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या लेखकांच्या नाटकांचीही अशी माळ ओवता येते, आणि ते काम हौशी संस्थेइतकं मोकळेपणाने दुसरं कोण करणार? व्यावसायिक निर्मात्याला प्रत्येक नाटकाचा गल्ला वेगळा मोजावा लागतो. आपल्याला तो धाक नाही.

मी एक माळ सुचवतो. प्रश्न असा: घरातल्या बाईच्या ‘नाही’ला किंमत कधी येते? पहिलं नाटक गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, 1899 सालचं. दुसरं मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’, 1942. तिसरं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, 1967. चौथं प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’, 1991.

‘शारदा’ आपण जरठ-बाला विवाहाविरुद्धचं नाटक म्हणून लक्षात ठेवतो, आणि ते आहेही. पण भुजंगनाथाशी होणारं ते लग्न मोडतं कशामुळे, हे आठवून पाहा. शारदा नको म्हणते म्हणून नव्हे. वधूपिता आणि वर सगोत्र निघतात म्हणून. मुलीच्या रडण्याने जे थांबलं नाही, ते शास्त्राच्या एका आडकाठीने थांबलं. देवलांनी आपला समाज किती नेमका ओळखला होता! 43 वर्षांनी ‘कुलवधू’तली भानुमती, ज्योत्स्ना भोळे यांनी अजरामर केलेली, स्वतःच्या पायांनी नवऱ्याचं घर सोडते. इथवर पाहणाऱ्याला वाटावं की आता दार उघडलं.

आणि मग ‘शांतता’. लीला बेणारे पहिल्या प्रवेशात सभागृहात येते तेव्हा दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. पुढे अभिरूप न्यायालयाचा खेळ अंगावर येऊ लागल्यावर ती बाहेर पडायला धावते, तर तीच कडी बाहेरून लागलेली. भानुमतीनंतर 25 वर्षांनी दार बंद! शेवटी ती आपली बाजू मांडते, तीही इतर पात्रं गोठल्यावर. म्हणजे ऐकतो तो फक्त प्रेक्षक. शिवाय हा खेळ मांडणारी मंडळी कोण आहे? खेड्यात प्रयोगासाठी आलेली हौशी नाट्यसंस्था. आपल्यासारखीच. हे नाटक आपण आपल्याच गावात करतो तेव्हा समोर बसलेल्यांइतकेच आपणही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असतो. ‘चारचौघी’तली आई समाजाची पर्वा न करता जगलेली आहे, प्रश्न तिच्या तीन मुलींपुढे आहेत. त्यांपैकी विद्याचा फोनवरचा लांब प्रवेश ‘शारदा’ पाहिलेल्या प्रेक्षकाने काही महिन्यांनी पाहावा, हीच माझी इच्छा आहे.

आता व्यवहार. चारही नाटकांना दाराची एकच चौकट वापरा. सुताराकडून खरी लाकडी करून घ्या, बिजागरी-कडीसकट, आणि मागून तिरप्या दांडक्यांनी नीट आवळा. नाहीतर दार आपटताच अख्खी भिंत डुलते आणि बेणारेचा तो प्रवेश वाया जातो. पडदे, ठोकळे, फर्निचर बदला, चौकट तीच राहू द्या. पहिल्या नाटकात शारदा करणारी मुलगी चौथ्यात त्या तीन मुलींपैकी विनी करू शकेल, शारदाची आई करणारी बाई ‘चारचौघी’तली आई. प्रेक्षक हे ओळखतो आणि त्यातून आपसूक काहीतरी जोडतो. संगीतासाठी गावातल्या गायनशाळेला हाक मारा. ‘शारदा’ची पदं सगळी घेऊ नका, पण ऑर्गन आणि तबला जिवंत असू द्या, मुद्रित ट्रॅकवर ते नाटक उभं राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

हक्कांकडे दुर्लक्ष करू नका. देवल 1916 मध्ये गेले, त्यामुळे ‘शारदा’ सर्वांसाठी खुलं आहे. रांगणेकर आणि तेंडुलकर यांच्या निधनाला अजून 60 वर्षं झालेली नाहीत. त्यांच्या वारसांची आणि प्रशांत दळवी यांची लेखी परवानगी आणि मानधन आधी, तालीम नंतर. प्रयोगाचं प्रमाणपत्रही वेळेत घ्या.

पैशाचं म्हणाल तर चार नाटकांची मिळून एकच प्रवेशिका काढा आणि ती गुढीपाडव्याआधी विका. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेने सभासदांच्या बळावर प्रयोग केले होते, तो मार्ग आजही चालण्यासारखा आहे. पहिला प्रयोग पाडव्याच्या सुमारास, शेवटचा दिवाळीच्या आत, म्हणजे स्पर्धेलाही वेळ उरतो. प्रत्येक प्रयोगानंतर दिवे लावा आणि अर्धा तास प्रेक्षकांना बोलू द्या. बायकांना आधी.

हीच चार नाटकं घ्या असा माझा आग्रह नाही. कोकणातल्या संस्थेने स्थलांतरावर माळ करावी, मराठवाड्यातल्या संस्थेने पाण्यावर. मात्र प्रश्न तुमच्या गावाचा असू द्या. परत गेल्यावर पुढच्याच कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय पटलावर ठेवा, चार नावं लिहा, चार तारखांना नाट्यगृह नोंदवा, आणि आम्हाला प्रयोगाला बोलवा.