स्पर्शाला भिऊ नका, रक्ताला जपा

(आपल्या वार्षिक मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



आदिवासी पाड्यांवर जखमा धुण्याचे, ड्रेसिंगचे काम मी बरीच वर्षे करते आहे. आज तिथल्या एका आजोबांविषयी सांगते. त्यांचा कुष्ठरोग एमडीटीच्या गोळ्यांनी कधीच बरा झाला. पण पाय बधिर, त्यामुळे तळव्याची जखम भरते आणि पुन्हा उघडते. मागच्या वर्षी रक्त तपासले, तर हिपॅटायटिस ‘सी’ निघाला. त्यांनी एवढेच विचारले, “सिस्टर, आता परत माझं ताट वेगळं?”

मला पटकन बोलवेना. हा विषाणू रक्तातून जातो : वापरलेली सुई, एकच वस्तरा, एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर गेलेली कात्री. आजोबांना तो कुठून लागला, देव जाणे. पण सुरुवातीच्या दिवसांत रांग मोठी असली की तीच कात्री नुसती पुसून मीही पुढच्या रुग्णाला वापरली आहे. आपण सेवा करायला गेलो आणि आपल्याच हातून दुखणे गेले असेल तर? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

यकृत आतून खराब होत असले तरी कित्येक वर्षे लक्षण दिसत नाही. म्हणून तपासणी हवी. या आजारावर लस नाही, पण औषध आहे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात. मात्र कुष्ठरोगाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. एमडीटीतले रिफाम्पिसिन या गोळ्यांचा असर कमी करते.

आजोबांच्या सुनेला मी समजावले, “बाई, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही. फक्त वस्तरा, ब्लेड, नेलकटर त्यांचे त्यांना ठेव.” ताट वेगळे झाले नाही. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, विषाणू सापडला नाही. प्रभूची स्तुती असो!

मार्कच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी आठवा. प्रभू त्याला नुसत्या शब्दानेही बरे करू शकला असता, तरी त्याने स्पर्श केला. तो स्पर्श आपण सोडायचा नाही. फक्त हातातली कात्री निर्जंतुक हवी.

म्हणून माझी विनंती : प्रत्येक रुग्णासाठी वेगळा ड्रेसिंग संच आणि जिल्हा रुग्णालयापर्यंतचे गाडीभाडे, एवढ्याला हातभार लावा. आणि प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.